माथी मारलेल्या संरक्षणाचे पैसे मागावे का लागावेत?

ब्रिटनमध्ये २००५ नंतरच्या काही वर्षांत टपालाने घरी आलेल्या अनेक बँक कार्डांवर एक लहानसे स्टिकर चिकटवलेले असे. कार्ड मिळाल्याचे कळवण्यासाठी आणि ते सुरू करून घेण्यासाठी अमुक क्रमांकावर फोन करा, अशी सूचना त्यावर असे. कार्ड बँकेचे, लखोटा बँकेचा, तेव्हा फोनही बँकेलाच लागणार, असे ग्राहकाने गृहीत धरले तर त्यात त्याचे काहीच चुकत नव्हते. प्रत्यक्षात तो फोन यॉर्क येथे मुख्यालय असलेल्या सीपीपी या खासगी कंपनीकडे जाई. कार्ड सुरू करणे हे निमित्त ठरे. त्याच संभाषणात पलीकडचा विक्री प्रतिनिधी कार्ड चोरीला गेले तर काय कराल, तुमच्या नावावर भलत्याच कोणी कर्ज काढले तर काय कराल, असे प्रश्न उभे करी आणि ‘कार्ड प्रोटेक्शन’ किंवा ‘आयडेंटिटी प्रोटेक्शन’ घेण्याचा आग्रह धरी. पहिल्याची वर्गणी वर्षाला सुमारे ३० पौंड होती, दुसऱ्याची सुमारे ८० पौंड.

नोव्हेंबर २०१२ मध्ये तेथील तत्कालीन वित्तीय नियामकाने, म्हणजे फायनान्शियल सर्व्हिसेस ऑथॉरिटीने, या कंपनीला १ कोटी ५ लाख पौंडांचा दंड केला. आरोप नेमके होते. अनधिकृत व्यवहारांपासून एक लाख पौंडांपर्यंतचे विमासंरक्षण मिळेल असे सांगून कार्ड प्रोटेक्शन विकले गेले. वास्तविक अशा नुकसानीची जबाबदारी आधीपासूनच बँकेवर होती, त्यामुळे ग्राहकाला त्या संरक्षणाची गरजच नव्हती. आयडेंटिटी प्रोटेक्शन विकताना ओळखचोरीचा धोका आणि तिचे परिणाम फुगवून सांगितले गेले. शिवाय जे ग्राहक योजना रद्द करायला फोन करीत, त्यांना परावृत्त करण्यासाठी प्रतिनिधी अवाजवी चिकाटीने मागे लागत.

या प्रकरणाचा पुढचा भाग, म्हणजे पैसे परत देण्याची प्रक्रिया, आपल्याकडे फारशी चर्चिली गेली नाही, आणि माझ्या मते तोच भाग सर्वात बोलका आहे. फसव्या विक्रीतून घेतलेले पैसे परत देण्याची जबाबदारी पूर्णपणे विकणाऱ्याची असली पाहिजे आणि त्यासाठी ग्राहकाने अर्ज करण्याची अट असता कामा नये, अशी माझी भूमिका आहे. ब्रिटनने पुष्कळ काही योग्य केले. मात्र अर्जाच्या या एका अटीपाशी तेथील व्यवस्था कमी पडली.

आधी विक्रीचे स्वरूप नीट पाहू, कारण परताव्याचा न्याय त्यावरूनच ठरतो. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्यानुसार क्रेडिट कार्ड हरवले वा चोरीला गेले आणि त्याचा कोणी गैरवापर केला, तर ग्राहकावर जास्तीत जास्त ५० पौंडांचा भार पडू शकत असे आणि बँकेला कळवल्यानंतरच्या व्यवहारांचा तर काहीच नाही. २००९ च्या पेमेंट सेवाविषयक नियमांनी डेबिट कार्डधारकांनाही असेच संरक्षण दिले. ग्राहकाने स्वतः लबाडी केली असेल किंवा अक्षम्य निष्काळजीपणा दाखवला असेल तरच हे संरक्षण सुटे. म्हणजे एक लाख पौंडांच्या ज्या विम्याचा गाजावाजा झाला, तो बहुतांश ग्राहकांसाठी कायद्याने फुकट मिळालेल्या हक्काचीच विकत दिलेली प्रत होती. कार्डे हरवली तर एका फोनवर सगळी बंद करून देण्याची सोय त्यात होती आणि काहींना तिचा उपयोगही झाला असेल. पण भरवसा देताना भर होता तो विम्याच्या आकड्यावर.

ओळखचोरीच्या उत्पादनाची गोष्ट जरा वेगळी आहे. ओळखचोरी हा काल्पनिक गुन्हा नाही. दुसऱ्याचे नाव, जन्मतारीख आणि पत्ता वापरून कर्ज काढले जाते, ते थकते, आणि ज्याच्या नावावर ते निघाले त्याला आपले पतमानांकन का घसरले हे कर्ज नाकारले गेल्यावरच कळते. पत्रव्यवहार करून नाव साफ करून घेण्यात महिने जातात. अशा माणसाला मदत करणारी सेवा मुळात निरर्थक म्हणता येणार नाही. परंतु तेव्हा ब्रिटनमध्ये कोणालाही आपला पतअहवाल दोन पौंड भरून मागवता येत होता, आणि बनावट कर्जाची परतफेड करण्याचे दायित्व खऱ्या व्यक्तीवर येत नव्हतेच. धोका खरा असला तरी किती, तो घडल्यास खिशातून नेमके काय जाते आणि त्यासाठी वर्षाला ८० पौंड देणे कितपत योग्य, या तीन गोष्टी ग्राहकाला सरळ सांगितल्या असत्या तर त्याला विचार करून निर्णय घेता आला असता. त्या सांगितल्या गेल्या नाहीत, उलट भीतीवर भर दिला गेला, म्हणून नियामकाने त्या विक्रीला फसवी ठरवले.

या प्रकरणातील आकडे पाहिले की धंदा कशावर उभा होता ते लक्षात येते. नियामकाच्या निष्कर्षानुसार जानेवारी २००५ ते मार्च २०११ या काळात कंपनीने या दोन प्रकारच्या ४४ लाख योजना नव्याने विकल्या आणि त्यातून ३५ कोटी ४५ लाख पौंड मिळवले. त्याच काळात १ कोटी ८७ लाख योजनांचे नूतनीकरण झाले आणि त्यातून ६५ कोटी ६५ लाख पौंड आले. म्हणजे मोठा पैसा पहिल्या फोनमधून आला नाही. तो दरवर्षी आपोआप होणाऱ्या वजावटीतून आला. पहिल्या फोनवर कोणी तरी घाई केली, कोणी तरी ‘बरं, द्या’ म्हटले, आणि त्यानंतर वर्षामागून वर्षे खात्यातून रक्कम जात राहिली. नूतनीकरणाच्या वेळी ग्राहकाला कोणी विचारले नाही, त्याने कोणाला काही सांगितले नाही, तरी पैसे गेले. परताव्याच्या वेळी मात्र त्याच ग्राहकाने स्वतः पुढे येऊन मागणी करावी, अशी अपेक्षा ठेवली गेली. पैसे घ्यायला ग्राहकाची हालचाल लागत नाही आणि द्यायला लागते, हा विषम न्याय मला मान्य होण्यासारखा वाटत नाही.

एप्रिल २०१३ मध्ये जुन्या नियामकाची जागा फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीने घेतली. ऑगस्ट २०१३ मध्ये या नव्या संस्थेने जाहीर केले, की सीपीपी आणि तेरा बँका व कार्ड कंपन्या मिळून ग्राहकांना भरपाई देतील. सुमारे ७० लाख ग्राहक, २ कोटी ३० लाख योजना आणि जास्तीत जास्त १३० कोटी पौंडांची तरतूद, असे त्या योजनेचे आकारमान होते. बार्कलेज, एचएसबीसी, सँटँडर, आरबीएस, नेशनवाइड अशी घराघरांत परिचित नावे त्या यादीत होती. बँकांना यात ओढणे हे नियामकाचे खरोखर मोठे काम होते. विक्री सीपीपीच्या नावाने झाली असली तरी ग्राहक तिच्याकडे पाठवला होता बँकेने, आणि ग्राहकाने विश्वास ठेवला तो बँकेच्या नावावर. एकट्या सीपीपीवर भार टाकला असता तर ती कोलमडली असती आणि ग्राहकांच्या हाती फारसे काही पडले नसते. विश्वासाचा मोबदला ज्याने घेतला त्यानेच त्या विश्वासघाताचे पैसे भरावेत, हे तत्त्व या निर्णयाने प्रस्थापित केले, आणि त्याचे मी मनापासून स्वागत करतो.

ही भरपाई कंपनी कायद्यातील एका तरतुदीखाली, न्यायालयाच्या संमतीने होणाऱ्या योजनेच्या रूपाने ठरली. ग्राहकांनी आधी मतदान करून योजनेला मान्यता दिली, मग जानेवारी २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले आणि फेब्रुवारीपासून घरोघरी दाव्याचे अर्ज रवाना झाले. अर्ज भरून परत पाठवायचा. दावा ग्राह्य ठरला तर जानेवारी २००५ पासून भरलेली वर्गणी आणि तिच्यावर आठ टक्के व्याज मिळायचे. दाव्यासाठी ३० ऑगस्ट २०१४ ही मुदत होती, आणि काही अडचणीमुळे ती चुकली असेल अशांना त्यानंतरही थोडा अवधी ठेवला होता. वकील करावा लागत नव्हता, दलाल करावा लागत नव्हता, आणि प्रत्येक ग्राहकाचे प्रकरण आर्थिक तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालापुढे स्वतंत्रपणे चालवण्याची गरज उरली नव्हती. पुढच्या वर्षी अफिनियन नावाच्या दुसऱ्या कंपनीने बँकांमार्फत विकलेल्या कार्ड संरक्षण योजनांसाठीही अशीच व्यवस्था उभी राहिली. सामूहिक अन्यायाला सामूहिक उत्तर हवे, ही समज त्यामागे होती.

आता अर्जाच्या अटीकडे येतो. सीपीपीने सत्तर लाख ग्राहकांना पत्रे पाठवली, याचा अर्थ त्या सत्तर लाखांची नावे आणि पत्ते उपलब्ध होते. कोणी कोणत्या वर्षी किती भरले, कोणत्या कार्डावरून भरले, याच्या नोंदी कंपनीकडे आणि बँकांकडे होत्या; त्या नसत्या तर दावा आल्यावर रक्कम काढता आलीच नसती. असे असताना ‘तुम्हाला कदाचित पैसे मिळण्याचा हक्क असू शकेल, सोबतचा अर्ज भरून पाठवा’ असे पत्र धाडण्याऐवजी त्याच लखोट्यात धनादेश का घालता आला नसता? ज्याच्याकडे नाव, पत्ता आणि रक्कम तिन्ही आहेत, त्याने ज्याचे पैसे आहेत त्याला अर्ज करायला लावणे याला प्रशासकीय कारण सापडत नाही. एकच कारण संभवते: काही लोक अर्ज करणार नाहीत, आणि तेवढी रक्कम वाचेल.

अर्ज कोण करत नाही, याचाही विचार केला पाहिजे. ज्याला आपल्या खात्यातून दरवर्षी तीस पौंड जातात हे कधी लक्षातच आले नाही, तो ‘आपण कधी असे काही घेतले होते का’ अशा संभ्रमात पत्र बाजूला ठेवतो. ज्याचे इंग्रजी कच्चे आहे, ज्याला बँकेच्या नावाने आलेल्या प्रत्येक पत्रात नवी विक्री दिसते, जो एकटा राहणारा वृद्ध आहे आणि टपाल उघडायलाच कंटाळतो, जो घर बदलून गेला आहे, तो मागे राहतो. फोनवर ज्यांना सहज बोलण्यात गुंतवता आले, तेच बहुधा अर्जाच्या वेळी गळतात. आणि अशा न्यायालयीन योजनेचा परिणाम सर्व ग्राहकांवर बंधनकारक असल्यामुळे मुदतीत दावा न करणाऱ्याचा या विषयातला हक्कच संपुष्टात येतो. ज्याला आपली फसवणूक झाल्याचे अजून कळलेलेच नाही, त्याच्या हक्काची मुदत संपवणे हे फार गंभीर आहे.

ब्रिटनमधील पीपीआयचे, म्हणजे कर्जाबरोबर विकलेल्या परतफेड विम्याचे, प्रकरण याहून कितीतरी मोठे होते. तिथे २०११ ते २०१९ या वर्षांत बँकांनी सुमारे ३८ अब्ज पौंड परत केले, आणि अंतिम मुदत २९ ऑगस्ट २०१९ होती. तिथेही मागेल त्यालाच मिळाले. त्या मागण्याच्या अटीमुळे एक अख्खा मध्यस्थ व्यवसाय उभा राहिला. ‘तुमचे पीपीआयचे पैसे मिळवून देतो’ असे सांगणाऱ्या दावा कंपन्यांचे फोन आणि संदेश लोकांना वर्षानुवर्षे येत राहिले. मिळालेल्या भरपाईतला मोठा वाटा या कंपन्या घेत. अखेर जुलै २०१८ पासून संसदेला त्यांच्या शुल्कावर करांव्यतिरिक्त २० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. लोकपालाकडे तक्रार करणे विनामूल्य होते, बँकेला साधे पत्र लिहिणेही विनामूल्य होते, तरीही हजारो लोकांनी स्वतःच्या पैशांतला पाचवा किंवा त्याहून मोठा हिस्सा मध्यस्थाला दिला, कारण मागणी करणे हेच त्यांना अवघड वाटत होते. एकदा फसव्या विक्रीत आणि पुन्हा त्याच विक्रीचा परतावा मिळवताना, असे दोनदा त्यांचे पैसे गेले.

दुसरा मार्ग शक्य होता हे अमेरिकेने त्याच सुमारास दाखवून दिले. चेस बँकेने आपल्या कार्डधारकांना ओळखसंरक्षण आणि पतअहवालावर लक्ष ठेवण्याची सेवा विकली होती. ही सेवा सुरू करण्यासाठी ग्राहकाची लेखी संमती कायद्याने आवश्यक होती. पण अनेकांची संमती यायच्या आधीच महिन्याला आठ ते बारा डॉलरच्या घरातले शुल्क सुरू झाले, आणि सेवा प्रत्यक्षात मिळतच नव्हती. सप्टेंबर २०१३ मध्ये कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो ही ग्राहकांचे आर्थिक हित पाहणारी सरकारी संस्था आणि बँकांवरील संघराज्य नियामक यांच्या कारवाईत २१ लाखांहून अधिक ग्राहकांना ३० कोटी ९० लाख डॉलर परत देण्याचे प्रकरण निकाली निघाले. कोणीही अर्ज करायचा नव्हता. ज्यांचे कार्ड चालू होते त्यांच्या खात्यावर रक्कम जमा झाली, ज्यांचे बंद झाले होते त्यांना धनादेश गेला. २०१४ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कार्डाबरोबर विकलेल्या अशाच जोडउत्पादनांसाठी ७२ कोटी ७० लाख डॉलर आणि २०१५ मध्ये सिटीबँकेने सुमारे ७० कोटी डॉलर परत द्यायचे ठरले. २०११ मध्ये कामाला लागलेल्या त्या ब्युरोचे बळ २०२५ पासून पद्धतशीरपणे कमी केले जात आहे, याचे मला फार वाईट वाटते. पण ब्युरोने घालून दिलेला पायंडा त्यामुळे खोटा ठरत नाही.

आपोआप परताव्याला घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी दोन विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की काही ग्राहकांनी समजून उमजून ही योजना घेतली होती, तिचा लाभही घेतला होता. त्यांना पैसे परत देणे म्हणजे वापरलेल्या सेवेचे मूल्य बुडवणे. यात तथ्य आहे, पण उपाय सोपा आहे. ज्यांनी प्रत्यक्ष दावा करून लाभ घेतला त्यांच्या नोंदी असतात, ती रक्कम वजा करता येते. उरलेल्यांपैकी थोड्यांना हक्कापेक्षा जास्त मिळाले तरी ती चूक फसवणूक करणाऱ्याच्या खर्चाने होते. हक्काचे असूनही न मिळालेल्यांची चूक मात्र फसवल्या गेलेल्याच्या खर्चाने होते. दोन्ही चुका टाळता येत नसतील तर कोणती पत्करावी, याबद्दल शंका राहू नये. दुसरा आक्षेप नेहमीचा: प्रौढ माणसाने सही करण्यापूर्वी वाचायला नको का? वाचायला हवे, आणि जिथे वाचायला काही समोर होते तिथे हा प्रश्न रास्त आहे. कार्ड सुरू करण्यासाठी म्हणून बँकेने दिलेल्या क्रमांकावर फोन करणाऱ्याच्या समोर काहीच नव्हते. ज्या क्षणी त्याचे लक्ष दुसऱ्या कामावर होते, तो क्षण मुद्दाम निवडला गेला होता.

हा विषय ब्रिटनपुरता राहिलेला नाही. सीपीपीच्या समूहाचा व्यवसाय ब्रिटनमध्ये आटला आणि पुढे भारत हीच त्याची सर्वात मोठी बाजारपेठ बनली. अशा प्रकारची कार्ड आणि पाकीट संरक्षणाची सदस्यत्वे आज आपल्याकडे अनेक कंपन्या विकतात, आणि ती सारी फसवीच आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. पण नवे क्रेडिट कार्ड हाती आल्यावर दोन-चार दिवसांत येणारा फोन ज्यांनी घेतला आहे, त्यांना त्यातली भाषा ओळखीची वाटेल. ‘सर, तुमच्या कार्डावर प्रोटेक्शन ॲक्टिव्हेट करतोय, फक्त जन्मतारीख कन्फर्म करा’ या वाक्यात आपण काही विकत घेतो आहोत हे कुठेच जाणवत नाही. महिनाभराने कार्डाच्या बिलात इंग्रजी आद्याक्षरांची एक ओळ येते, तिच्यापुढे हजार-दीड हजार रुपये आणि खाली जीएसटीची वेगळी ओळ. ग्रामीण भागात हेच कर्जाच्या कागदांत घडते. ट्रॅक्टरचे किंवा मोबाइलचे कर्ज मंजूर होताना विम्याची नाहीतर सदस्यत्वाची रक्कम मुद्दलातच मिसळली जाते आणि तिच्यावरही व्याज लागते.

भारतातही मूळ हक्क फुकटच आहे. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहार बँकेच्या चुकीमुळे झाला असेल तर ग्राहकावर कसलीही जबाबदारी नाही. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रसंगी त्याने सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले तरीही जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवले तर ती मर्यादित राहते, नेहमीच्या बचत खात्यासाठी एका व्यवहारामागे दहा हजार रुपयांपर्यंत. तक्रार आल्यापासून दहा कामकाजी दिवसांत बँकेने रक्कम खात्यावर तात्पुरती जमा करायची, आणि ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. ओटीपी सांगून बसलेल्या माणसाला मात्र हे संरक्षण तसे मिळत नाही. बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. म्हणून आपल्याकडे विमा विकणाऱ्याने पहिला प्रश्न याच ठिकाणी स्वच्छ केला पाहिजे: ग्राहकाने फसून स्वतःच ओटीपी दिला, तर ही योजना पैसे देते की नाही? देत असेल तर त्या योजनेला मोल आहे. देत नसेल, तर ती ग्राहकाला रिझर्व्ह बँकेने दिलेलाच हक्क विकते आहे.

परताव्याच्या बाबतीत आपली अडचण ब्रिटनपेक्षा एक पायरी खालची आहे. विमा पॉलिसी असेल तर पसंत न पडल्यास परत करण्यासाठी आता तीस दिवसांची मुदत मिळते. पण आपण पॉलिसी घेतली आहे हेच ज्याला ठाऊक नाही त्याचे तीस दिवस केव्हाच उलटून जातात. त्यातून या योजना बहुधा विमा म्हणून नव्हे, तर सदस्यत्व म्हणून विकल्या जातात आणि विमा हा त्यातला ‘मोफत’ घटक म्हणून दाखवला जातो. मग विमा नियामकाकडे गेले की हे सदस्यत्व आहे असे उत्तर मिळण्याची भीती, बँकेकडे गेले की विक्री तिसऱ्या कंपनीची आहे असे उत्तर मिळण्याची भीती. रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना २०२१ पासून आहे, विमा लोकपालांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यातही आहेत, जिल्हा ग्राहक आयोग आहेत. पण या सर्व ठिकाणी एकेकट्या माणसाने एकेकटी तक्रार न्यायची आहे. दीड हजार रुपयांसाठी कोण नेईल? आणि न नेणाऱ्यांच्या संख्येवरच अशा विक्रीचे गणित बसते.

ज्यांच्या बिलात अशी ओळ सापडली आहे, त्यांनी तरीही मागणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. बँकेला लेखी कळवून संमतीचा पुरावा मागावा: फोनवर विक्री झाली असेल तर ध्वनिमुद्रण, ॲपवर झाली असेल तर संमतीची नोंद. पुढचे नूतनीकरण थांबवण्याची सूचना त्याच पत्रात द्यावी. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर लोकपालाकडे जाता येते आणि त्यासाठी शुल्क पडत नाही. ‘आता योजना बंद केली आहे’ एवढ्या उत्तरावर मात्र थांबू नये, कारण योजना बंद करणे आणि घेतलेले पैसे परत देणे या दोन वेगळ्या मागण्या आहेत, आणि तक्रारदाराची पहिली मागणी पुरी करून दुसरी विसरायला लावणे ही सर्वत्र चालणारी पद्धत आहे.

तरीही एकेकट्याची चिकाटी हा धोरणाला पर्याय होऊ शकत नाही. रिझर्व्ह बँक आणि विमा नियामक यांनी मिळून एक नियम करावा, की एखाद्या जोडउत्पादनाची विक्री फसवी ठरली, तर विकणाऱ्या कंपनीने आणि ग्राहक पुरवणाऱ्या बँकेने त्या काळातील सर्व ग्राहकांना व्याजासह रक्कम स्वतःहून जमा करावी. पैसे ज्या खात्यातून किंवा कार्डावरून घेतले, त्यावरच ते परत जावेत. स्पष्ट संमतीचा पुरावा कंपनीला दाखवता आला नाही, तर विक्री फसवी होती असे मानले जावे. आणि दरवर्षीच्या आपोआप नूतनीकरणासाठी दरवेळी नवी संमती घेण्याचे बंधन असावे. सीपीपीच्या हिशेबातले ते १ कोटी ८७ लाख नूतनीकरणांचे आकडे पाहिल्यावर या तरतुदीचे महत्त्व वेगळे पटवून द्यायची गरज नसावी. ज्यांचा पत्ता किंवा खाते सापडत नाही, त्यांच्या रकमा कंपनीच्या नफ्यात परत जाऊ नयेत. दहा वर्षे पडून राहिलेल्या बँक ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होतात आणि त्यानंतरही ठेवीदाराला किंवा त्याच्या वारसाला बँकेकडे जाऊन त्या मागता येतात. उद्गम या संकेतस्थळावर नाव टाकून शोधताही येतात. परत न पोहोचलेल्या विम्याच्या रकमांनाही हीच व्यवस्था लागू करता येईल, आणि त्यासाठी दाव्याची अंतिम तारीख ठरवण्याचे कारण उरणार नाही.